परदेशातील लग्न आणि कायद्याचा मुहूर्त

आपल्या डॉक्टर मंडळींपैकी अनेकांची मुले आज अमेरिका, इंग्लंड वा ऑस्ट्रेलियात स्थिरावली आहेत. पूर्वी ती लग्नासाठी सुरतेस येत. आता रजा आणि विमानभाडे पाहता लग्न तिकडेच करण्याकडे कल दिसतो. शस्त्रक्रियेआधी संमतिपत्रावर सही घेतल्याशिवाय आपण पुढे जात नाही. परदेशात पुरोहितही तसेच वागतो, याचा अनुभव मला पुतणीच्या लग्नात आला.

लग्न न्यू जर्सीत होते. मुहूर्त शनिवारी सकाळचा, आणि टेक्सासमध्ये नोकरी करणारा नवरदेव गुरुवारी दुपारी पोहोचला. तेथे वधूवरांनी साक्षीदारासह स्थानिक निबंधकाकडे अर्ज केल्यावर ७२ तास गेल्याशिवाय विवाहाचा परवाना हाती पडत नाही. पुरोहितांनी नम्रपणे, पण ठामपणे सांगितले की परवान्याविना विधी करता येणार नाही. ७२ तास रविवारी दुपारी भरले, लग्न सोमवारी लागले. माझी तिकिटे रविवारची होती. मंगलाष्टके मी विमानात मनातल्या मनात म्हटली. चूक सर्वस्वी आमचीच. पत्रिका छापण्याआधी कोणी विचारलेच नाही.

अमेरिकेत हा नियम राज्यागणिक बदलतो. न्यू यॉर्कमध्ये परवान्यानंतर २४ तास थांबावे लागते, कॅलिफोर्नियात मुळीच नाही. इंग्लंड-वेल्समध्ये आधी किमान सात दिवस तेथे राहून नोटीस द्यावी लागते. तिची मुदत २०१५ पासून २८ दिवसांची आहे, आणि परदेशी नागरिकाच्या बाबतीत ती ७० दिवसांपर्यंत लांबू शकते. केवळ लग्नासाठी तेथे जाणाऱ्यास त्यासाठीचा वेगळा व्हिसा लागतो.

दुसरा मार्ग आपल्या विदेशी विवाह अधिनियमाचा, सन १९६९ चा. दोघांपैकी एक जण तरी भारतीय नागरिक असेल, तर भारतीय वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करता येते. वराचे वय २१, वधूचे १८, कोणाचाही आधीचा जोडीदार हयात नको, निषिद्ध नाते नको. नोटिशीपूर्वी एकाचे तरी त्या क्षेत्रात ३० दिवस वास्तव्य हवे. नंतर हरकतींसाठी आणखी ३० दिवस, आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार. घाईच्या लग्नास हा मार्ग उपयोगी नाही. मात्र तेथील कायद्याने झालेल्या लग्नाची नोंद वकिलातीत करून घेण्याची तरतूद याच अधिनियमात आहे. त्यासाठीही निदान एक जण भारतीय नागरिक हवा. दोघांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर ती वाट बंद.

पुष्कळांचा समज असा की सुरतेत स्वागतसमारंभ केला म्हणजे येथे नोंद होईल. गुजरातचा विवाहनोंदणी कायदा, २००६, हा राज्यात झालेल्या लग्नांसाठी आहे. जेवणावळीची नोंद होत नाही. परदेशी प्रमाणपत्र येथे दाखवायचे तर त्यावर त्या देशाचे अपोस्टिल हवे. या करारात भारत २००५ पासून आहे; कॅनडा २०२४ मध्ये आला. करारात नसलेल्या देशातील कागदावर तेथील भारतीय वकिलातीचे साक्षांकन घ्यावे लागते.

नावाचीही एक गोष्ट. आपल्याकडे लग्नानंतर वधूच्या नावामागे वडिलांऐवजी पतीचे नाव येते, आडनावही बदलते, क्वचित नावही. अर्जावर मात्र पासपोर्टमध्ये आहे तेच नाव, अक्षरानुअक्षर, लिहावे. माझ्या पुतणीने तसेच केले. नवे नाव आम्ही घरात वापरतो.