घोटभर पाण्याची वाट

न्यूमोनियाच्या तीव्र आघातातून बचावलेल्या, अकरा दिवस श्वासयंत्रावर काढलेल्या आणि आदल्या संध्याकाळीच घशातली नळी निघालेल्या माझ्या काकांना वाचा फुटली ती पाण्याच्या मागणीनेच. काकूंनी तत्परतेने फुलपात्र त्यांच्या ओठांशी नेले, तोच सिस्टरांनी त्यांचा हात हलकेच धरला आणि म्हटले, “काकू, आज पाणी नाही. एक घोटसुद्धा नाही.” दारी आलेल्या परक्याच्या हातावरही आधी गूळपाणी ठेवणाऱ्या त्या माउलीला, मृत्यूच्या दारातून परतलेल्या आपल्या माणसाला पाणी नाकारावे लागणे किती असह्य होत होते, हे त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटले होते, आणि त्या नकारामागे निष्ठुरता नसून केवढी दक्षता होती, हे आम्हां सर्वांना पुढे हळूहळू उमगले.

गिळणे ही आपण दिवसाकाठी शेकडो वेळा, किंबहुना झोपेतही, करीत असलेली क्रिया इतकी अंगवळणी पडलेली असते, की तिच्यामागे केवढा बंदोबस्त आहे याची आपल्याला दादही नसते. घशामध्ये श्वासाची वाट आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदून जातात. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका, आणि दोहोंच्या तोंडांत अंतर ते केवढेसे! घास जिभेच्या मुळाशी पोचला, की मेंदूच्या तळच्या मस्तिष्कस्तंभातून हुकूम सुटतो. मऊ टाळू उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, त्यावरचे झाकण लवते, स्वरतंतू मिटतात, श्वास क्षणभर तहकूब होतो आणि अन्ननलिकेचे एरवी आवळलेले तोंड उघडते. स्नायूंच्या पंचवीसांहून अधिक जोड्यांचे हे काम घशात जेमतेम एका सेकंदात उरकते. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहावा. तो वर चढून पुन्हा खाली उतरताना जाणवतो. जेवताना बोलू नये, हा वडीलधाऱ्यांचा दंडक केवळ शिष्टाचाराचा नव्हता, हे त्यावरून ध्यानात येईल.

हा बंदोबस्त तीव्र श्वसनविकारानंतर अनेक अंगांनी ढिला पडतो. प्राण वाचविणारी नळी तोंडातून थेट स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत उतरलेली असते. तिच्या दाबाने तेथे सूज येते, व्रण होतात, स्वरतंतू नीट मिटेनासे होतात आणि घशाची संवेदना बोथट होते. दिवसेंदिवस न वापरलेले जिभेचे व घशाचे स्नायू, हातापायांच्या स्नायूंप्रमाणेच, शक्तिहीन होतात. आणि ज्याची फुप्फुसे अद्याप सावरलेली नाहीत, जो मिनिटाला 25-30 वेळा धापा टाकतो आहे, त्याने गिळण्यासाठी श्वास रोखावा तरी कसा? निरनिराळ्या अभ्यासांचा 2010 साली जो आढावा घेण्यात आला, त्यात नळी काढल्यानंतर गिळण्याचा त्रास होणाऱ्यांचे प्रमाण 3 पासून 62 टक्क्यांपर्यंत आढळले. रुग्ण निराळे, तपासण्या निराळ्या, म्हणून एवढी तफावत. परंतु नळीचा मुक्काम जितका लांबतो तितका हा त्रास संभवनीय होतो, अशीच त्या अभ्यासांची एकंदर साक्ष आहे.

यातला खरा घातक भाग असा, की धोका असूनही ठसका लागेलच याची शाश्वती नसते. निरोगी माणसाच्या श्वासनलिकेत पाण्याचा थेंब गेला, तर तो खोकून खोकून डोळ्यांत पाणी आणतो. पण संवेदना हरपलेला घसा गप्प राहतो, आणि पाणी, लाळ, तोंडातले जंतू हे सारे निःशब्दपणे फुप्फुसांत उतरून नुकताच बरा झालेला न्यूमोनिया पुन्हा उभा करतात. म्हणूनच “बघा, ठसका लागला नाही, म्हणजे पाणी सोसले” हा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

श्वासासाठी बसविल्या जाणाऱ्या नळीच्या इतिहासातच एक विलक्षण योग आहे. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा कित्येक रुग्णांचे श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू एकदमच लुळे पडले, आणि ते स्वतःच्या लाळेतच गुदमरू लागले. ब्लेगडाम रुग्णालयात ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्याने त्यांच्या गळ्याला छेद देऊन फुगा असलेली नळी बसविण्यात आली. तिने श्वासाची वाट खुली ठेवली आणि लाळेला अटकाव केला. आणि सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, हातांनी पिशवी दाबून त्या रुग्णांना श्वास पुरविला. आजच्या अतिदक्षता विभागांचा उगम त्या प्रसंगात मानला जातो. गिळता न येणाऱ्यांना तारण्यासाठी जी नळी वापरली, तशाच नळीच्या दीर्घ सहवासानंतर आज माणसाला गिळणे नव्याने शिकावे लागते. 2020 नंतरच्या कोविडच्या साथीत, आठवडेच्या आठवडे श्वासयंत्रावर काढलेल्या रुग्णांच्या कुटुंबांना हा अनुभव मोठ्या संख्येने आला.

सुदैवाने ही वाट पुष्कळांच्या बाबतीत हळूहळू पूर्ववत होते. घशाची परीक्षा करण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत: बेरियम मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांनी त्याचा चलत्पट पाहणे, किंवा 1988 साली सूझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीप्रमाणे नाकातून बारीक दुर्बीण सोडून गिळणे प्रत्यक्ष न्याहाळणे. हे काम डॉक्टरांच्या जोडीने स्पीच थेरपिस्ट करतात. हे तज्ज्ञ केवळ बोबड्या मुलांसाठी असतात, असा आपल्याकडे समज आहे. परंतु बोलणे आणि गिळणे ही एकाच घशाची, त्याच स्नायूंची कामे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे तो समज टिकत नाही.

काकांना नाकातल्या रायल्स ट्यूबमधून अन्न मिळत होते. रोज सकाळी थेरपिस्ट बाई येत, दात आणि जीभ स्वच्छ करून घेत, कारण घाण तोंडातली लाळ अधिक अपायकारक, मग काकांना ताठ बसवून सांगत, “काका, श्वास धरा, गिळा, आणि लगेच खोका.” पाण्यासारखा अतिपातळ पदार्थ घशात सर्वांत वेगाने धावतो, थकलेले स्नायू मिटण्याआधीच पुढे निसटतो, म्हणून आरंभ पाण्याने न करता दाट पदार्थाने केला. कोणता दाटपणा कोणाला सोसेल, हे दुर्बिणीत पाहून ठरवावे लागते. आणि दाट पेयांनी तहान भागत नाही, पाणी शरीरात कमी पडते, म्हणून ती आपल्या मनाने सुरू करू नयेत. काकूंनी मात्र दाटपणा मोजण्याचे शास्त्र मन लावून आत्मसात केले. सुईविना 10 मिलीच्या सिरिंजचे टोक बोटाने बंद करून त्या तिच्यात गाळलेली पेज भरत, बोट काढून 10 सेकंद मोजत, आणि 4 ते 8 मिली पेज आत उरली तरच वाटी पुढे करीत. ताटात आमटी-भाताऐवजी एकजीव घोटलेले खिमट आले, कारण पातळ रस्सा आणि शिते एकाच घासात सांभाळणे कठीण. पोहे, चिवडा, भाकरी यांची पाळी फार पुढे होती.

ज्यांच्या घरी असा रुग्ण परतला असेल, त्यांनी काही खुणांवर नजर ठेवावी: जेवल्यावर आवाज ओलसर, गुळगुळल्यासारखा होणे, वारंवार घसा खाकरणे, जेवण लांबत जाणे, वजन उतरणे, पुनःपुन्हा ताप येणे. यांपैकी काही दिसताच डॉक्टरांना सांगावे, आणि गोळ्या कुटून द्यावयाच्या झाल्यास तेही विचारूनच. माझी कळकळीची विनंती रुग्णालयांनाही आहे, की सुट्टीच्या कागदावर औषधांच्या तपशिलाबरोबर, काय गिळावे, कसे गिळावे, कोणी भरवावे, हेही लिहून द्यावे. कारण दवाखान्यातला पहारा उठल्यावर सारा कारभार घरच्या स्वयंपाकघराकडे येतो.

काकांना पाण्याची परवानगी मिळाली ती एकविसाव्या दिवशी, तीही चमच्याने. काकूंनी तेच फुलपात्र घासून आणले होते. पहिला चमचा त्यांनी ओठांशी नेला, काकांनी श्वास धरला, कंठमणी वर चढला आणि उतरला, मग ते खोकले. आणि काकूंनी दुसरा चमचा भरण्यापूर्वी, शिकविल्याप्रमाणे त्यांना बोलावयास लावून, तो आवाज कोरडा आहे ना, हे कान देऊन ऐकले.