कपाळाच्या कातडीचं नाक

विळीवर बोट कापलं आणि कातडीचा पापुद्रा एका कडेने लोंबत राहिला, तर तो जागच्या जागी दाबून पट्टी बांधतात. बहुतेकदा तो धरतो. पूर्ण तुटून पडलेला तुकडा मात्र काळा पडतो. असं का होतं? लोंबत्या पापुद्र्याला चिकटलेल्या कडेतून रक्त मिळत राहतं, तुटलेल्याला नाही, म्हणून.

‘सुश्रुतसंहिता’ या प्राचीन वैद्यकग्रंथातली कापलेलं नाक नव्याने घडवण्याची रीत यावरच उभी आहे. आधी नाकाच्या मापाचं पान घ्यायचं, तेवढी गालाची कातडी सोडवायची, पण एका बाजूने जोडलेली ठेवायची. नाकाच्या कडा खरवडून ताज्या करायच्या आणि त्यांवर ती कातडी शिवायची. श्वासासाठी दोन नळ्या, वर ज्येष्ठमधाची पूड आणि तिळाच्या तेलाचा कापूस.

दाबकलमात फांदी झाडावरच असताना मातीत पुरतात, मुळं फुटली की तोडतात, हे तसंच. नव्या जागेतून बारीक रक्तवाहिन्या कातडीत शिरेपर्यंत जुना दुवा तोडायचा नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीसही पुण्याजवळ ही रीत चालू होती. म्हैसूरच्या टिपू सुलतानाच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला तिथल्या एका कारागिराने नवं नाक दिलं. फरक एवढाच, की त्याने कातडी कपाळाची घेतली, मापही मेणाचं. सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधला दुवा कापायचा. हा वृत्तांत 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने प्रेतांवर सराव केला आणि 1814 मध्ये लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली. कपाळाची कातडी वळवून नाक घडवण्याची पद्धत शल्यविशारद आजही वापरतात.