काचेच्या नळीतली वीस मिनिटे

घोणस चावलेल्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागते, लघवी लाल होते, इंजेक्शनची सुई टोचलेली जागा तासन्‌तास झिरपत राहते. हे पाहणाऱ्याला वाटते, की या सापाचे विष रक्त पातळ करणारे असावे. खेड्यापाड्यांत तसे सांगितलेही जाते. वस्तुस्थिती मात्र उलट आहे. घोणशीचे विष रक्त गोठवते, आणि रक्त थांबेनासे होते ते त्यामुळेच.

हे कोडे उलगडायचे तर आधी साध्या जखमेकडे पाहावे लागेल. बोट कापले की रक्तातल्या प्लेटलेट तिथे चिकटून कच्चा बांध घालतात. तो पक्का करण्याचे काम फायब्रिन नावाच्या धाग्यांचे. हे धागे रक्तात तयार नसतात. त्यांचा कच्चा माल, म्हणजे फायब्रिनोजेन हे प्रथिन, रक्तद्रवात विरघळलेले असते. लिटरला साधारण २ ते ४ ग्रॅम. त्याचे धाग्यांत रूपांतर होण्याआधी रक्तातले अनेक घटक एकामागून एक जागे व्हावे लागतात. पहिला दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला. ब्रिटिश रक्तशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकफार्लेन यांनी १९६४ साली ही साखळी स्पष्टपणे मांडली. इतक्या पायऱ्या असण्यात शहाणपण आहे. जखम नसताना रक्त गोठले, तर हृदयाची किंवा मेंदूची वाहिनी बंद पडायला वेळ लागत नाही.

घोणशीचे विष या साखळीत मधूनच शिरते. त्यातले एक एन्झाइम थेट दहाव्या घटकाला जागे करते, दुसरे पाचव्याला. वरच्या पायऱ्यांवरची सगळी राखण वगळली जाते. मग अंगभर, जिथे जखम नाही तिथेही, फायब्रिन तयार होऊ लागते आणि शरीर ते तितक्याच घाईने विरघळवत राहते. या बांधण्या-मोडण्यात थोड्याच वेळात फायब्रिनोजेन संपते. कणगीतले धान्य नको तिथे उधळले जावे आणि खऱ्या गरजेच्या वेळी तळ दिसावा, तशी रक्ताची अवस्था होते. विषातले इतर घटक रक्तवाहिन्यांच्या भिंतीही कमकुवत करतात. कोकणात मुबलक आढळणारे फुरसेही साखळीतली वेगळी कडी पकडून हाच परिणाम साधते.

या सापाचे इंग्रजी नाव पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्याच्या नावावरून पडले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना त्यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांची नोंद केली आणि १७९६ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. पुढे १९३४ साली लंडनमध्ये तरुण मॅकफार्लेन आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयातील सर्पविभागाचे प्रमुख बर्जेस बार्नेट यांनी निरनिराळी सर्पविषे रक्तावर तपासली. घोणशीचे विष दहा हजार पट पातळ केल्यावरही रक्त झटकन गोठवत होते, हिमोफिलियाच्या रुग्णांचेसुद्धा. या रुग्णांत बहुधा आठवा घटक कमी असतो आणि त्याचे काम दहाव्याला जागे करण्यात मदत करण्याचे. विष ती पायरी ओलांडूनच जाते. म्हणून असे पातळ विष वरून लावून त्यांच्या जखमा थांबवता आल्या. आजही एका तपासणीत हे विष वापरतात. ज्या स्त्रियांचे गर्भ वारंवार पडतात, त्यांच्यापैकी काहींच्या रक्तात गुठळ्यांना कारण ठरणारी प्रतिद्रव्ये असतात. ती या तपासणीतून ओळखता येतात.

आपल्या ग्रामीण रुग्णालयातली गरज याहून साधी आहे. साप बहुतेक वेळा कुणी नीट पाहिलेला नसतो. विष चढले आहे का, हे रक्तालाच विचारावे लागते. रुग्णाच्या शिरेतून काढलेले २ मिलिलिटर ताजे रक्त काचेच्या नव्या, कोरड्या नळीत घालून २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदा आडवी करायची. रक्त वाहिले तर गोठण्याची शक्ती संपली आहे असे समजायचे. वीज नको, यंत्र नको; घड्याळ आणि धीर पुरेसा.

घात होतो तो नळीच्या बाबतीत. काचेच्या पृष्ठभागाला स्पर्श होताच रक्ताची साखळी सुरू होते. या परीक्षेचा सारा आधार तोच. प्लास्टिकची नळी वापरली, किंवा काचेची नळी साबणाने धुऊन पुन्हा घेतली, तर निरोगी माणसाचे रक्तही वीस मिनिटांत गोठेलच असे नाही. मग गरज नसलेल्याला प्रतिविष दिले जाते. त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, आणि कपाटातल्या मोजक्या कुप्या संपतात. उलट, रक्त एकदा गोठले म्हणून रुग्णाला घरी पाठवणेही धोक्याचे. विष हळूहळू भिनते, म्हणून परीक्षा पुन्हा पुन्हा करावी लागते.

उपाय एकच: प्रतिविष. घोड्यांना विषाच्या अल्प मात्रा देऊन त्यांच्या रक्तातून ते मिळवतात. महाराष्ट्रात परळच्या हाफकिनचे नाव या औषधाशी जोडलेले आहे. प्रतिविष विषाला निकामी करते, पण संपलेले फायब्रिनोजेन परत देत नाही. ते यकृताने नव्याने बनवायचे असते आणि त्याला काही तास लागतात. म्हणूनच मात्रा दिल्यावर सुमारे सहा तासांनी नळी पुन्हा पाहतात. विष रक्तात असताना नुसता प्लाझ्मा चढवणे म्हणजे जळत्या चुलीत आणखी सरपण सारणे.

दंशाची जागा कापणे, चोखणे, घट्ट दोरी आवळणे यांतले काहीही विष थांबवत नाही. कापलेली जागा मात्र अशा रक्ताने वाहतच राहते. हातपाय न हलवता रुग्णाला लवकर रुग्णालयात नेणे हीच खरी मदत. वेळ गेला तर मूत्रपिंडे निकामी होतात आणि वाचलेल्यालाही डायलिसिसची पाळी येते.

भारतात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावतात, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य खेड्यातली, शेतात राबणारी. ऐन दिवाळीत भाताच्या कापण्या चाललेल्या असतात, आणि उंदरांच्या मागावर घोणसही त्याच खाचरात असते. अशा वेळी जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे का, हे विचारणारे लोक भेटतात. काचेची नवी नळी आहे का, हेही विचारायला हवे.