मॉर्मन चर्च सोडले म्हणजे पक्षही बदलला?

अमेरिकेत निवडणूक आली की मॉर्मनांचा गड मानल्या जाणाऱ्या युटा राज्याच्या निमित्ताने मॉर्मन मतदारांबद्दल ठोकळेबाज विधाने ऐकू येतात. मॉर्मन म्हणजे रिपब्लिकन, आणि ते चर्च सोडलेला माणूस म्हणजे डेमोक्रॅट, हे त्यांतले सर्वांत पक्के. त्याच्या पूर्वार्धात बरेच तथ्य आहे, उत्तरार्धात त्याहून पुष्कळ कमी. चर्चमधून बाहेर पडणाऱ्या माणसाला मात्र या विधानाचा दुहेरी जाच होतो. घरचे म्हणतात, राजकारणाच्या नादाने वाया गेला. नवे मित्र गृहीत धरतात की आता हा प्रत्येक प्रश्नावर आपल्याच बाजूचा. त्याचे स्वतःचे मत काय, हे कोणी विचारत नाही.

'मॉर्मन समाज पहिल्यापासून रिपब्लिकनच.'

उलट, सुरुवात वैराने झाली. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केले. १८५६ मध्ये रिपब्लिकन पक्षाने आपल्या पहिल्या राष्ट्रीय जाहीरनाम्यात गुलामगिरी आणि बहुपत्नीत्व यांना रानटीपणाचे जुळे अवशेष म्हटले. त्यातला दुसरा शेरा थेट युटातल्या मॉर्मनांवर होता. १८९० मध्ये चर्चने बहुपत्नीत्व अधिकृतपणे सोडले आणि १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. दरम्यान चर्चच्या धुरीणांनी स्वतःहून लोकांना दोन्ही राष्ट्रीय पक्षांत विभागून जायला प्रोत्साहन दिले. पुढे १९३२ ते १९४४ या चारही निवडणुकांत युटाने डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्ट यांना निवडले. १९३६ मध्ये चर्चच्या मालकीच्या दैनिकाने पहिल्या पानावर त्यांच्याविरुद्ध लिहिले, तरी राज्यातली सुमारे ६९ टक्के मते त्यांनाच पडली. आजचे चित्र त्यानंतरचे. युटाने डेमोक्रॅट उमेदवाराला शेवटचे निवडले ते १९६४ मध्ये. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१४ च्या पाहणीत ७० टक्के मॉर्मन रिपब्लिकन किंवा त्या बाजूला झुकलेले होते, तर डेमोक्रॅट बाजूला १९ टक्के. पण सिनेटमधले डेमोक्रॅट बहुमताचे नेते हॅरी रीड याच चर्चचे होते, आणि अखेरपर्यंत होते. चर्चमध्ये राहूनही डेमोक्रॅट असता येते, तेव्हा बाहेर पडल्यावर पक्ष बदललाच पाहिजे असे म्हणायला आधार उरत नाही.

'मत कोणाला द्यायचे ते चर्च सांगते.'

उमेदवाराचे नाव चर्च सांगत नाही. २०२३ मध्ये तर त्याच्या सर्वोच्च नेतृत्वाने पत्र काढून डोळे झाकून एकाच पक्षाला मत देऊ नका, असे सदस्यांना बजावले. मात्र काही विशिष्ट प्रश्नांवर चर्च उघडपणे उतरते, आणि नंतर कोण बाहेर पडले हे समजून घ्यायचे तर तेच प्रश्न पाहावे लागतात. १९७० च्या दशकात स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला त्याने विरोध केला. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह रोखणाऱ्या प्रस्ताव ८ साठी सदस्यांना वेळ आणि पैसा द्यायला सांगितले. २०१८ मध्ये युटात औषधी गांजाच्या प्रस्तावाला विरोध केला. मतदारांनी तो तरीही मंजूर केला आणि मग विधिमंडळाने बदललेला कायदा आणला.

'आधी श्रद्धा जाते, मग मते बदलतात.'

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज हाच. सोनिया जॉन्सन यांचेच उदाहरण घ्या. पिढ्यान्‌पिढ्या मॉर्मन असलेल्या घरातल्या या बाईंनी चर्चमध्ये असतानाच समान हक्कांच्या दुरुस्तीची बाजू घेतली, सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली आणि डिसेंबर १९७९ मध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आले. त्यांची राजकीय भूमिका आधी ठरली होती, चर्च नंतर सुटले. पुढे १९८४ मध्ये त्या एका छोट्या पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्याही राहिल्या.

अभ्यासकांनी हा प्रवाह मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. मायकेल हाउट आणि क्लॉड फिशर यांनी २००२ च्या निबंधात १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या 'कुठलाच धर्म नाही' म्हणणाऱ्यांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर का गेले, याचा शोध घेतला. धर्म आणि उजवे राजकारण एकत्र आल्यामुळे मध्यममार्गी आणि उदारमतवादी लोक धर्माच्या नावापासून दूर गेले, हे त्यांना आढळलेल्या कारणांपैकी एक. मिशेल मार्गोलिस यांनीही २०१८ च्या पुस्तकात दाखवले की अनेक अमेरिकी माणसे आपल्या पक्षाला साजेल असे धार्मिक वर्तन नंतर ठरवतात.

मॉर्मनांपुरते पाहायचे तर जेना रीस आणि बेंजामिन नॉल यांची २०१६ ची पाहणी हाताशी आहे. तिच्यात १,१५६ सदस्य आणि ५४० माजी सदस्य होते. सोडण्याच्या कारणांत 'माझी मूल्ये आणि चर्चची मूल्ये जुळेनात' हे अग्रभागी आले. 'कोणीतरी दुखावले म्हणून गेले', हे चर्चच्या बाकांवर नेहमी ऐकू येणारे स्पष्टीकरण बरेच खाली राहिले. मूल्ये जुळत नव्हती याचा अर्थ ती आधीच वेगळी होती. शिवाय बाहेर पडणाऱ्यांत तरुण पुष्कळ, आणि अमेरिकेतली तरुण पिढी एरवीही आजीआजोबांपेक्षा डावीकडे झुकलेली असते. माजी मॉर्मनांत डेमोक्रॅट जास्त दिसतात ते खरे. पण त्यातला किती भाग सोडण्याचा परिणाम, किती वयाचा आणि किती आधीच्याच मतांचा, हे वेगळे काढल्याशिवाय 'सोडले म्हणून डावे झाले' असे लिहिणे चूक आहे.

बाहेर पडल्याने काहीच बदलत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. मॉर्मन माणसाचा आठवडा वॉर्डाभोवती, म्हणजे स्थानिक मंडळीभोवती फिरतो. तिथले बिशप शेजारचेच कोणीतरी, नोकरीधंदा सांभाळून विनावेतन सेवा करणारे. अडचणीत आलेल्या घराला धान्य, भाड्याचे पैसे, काम शोधायला मदत हे सगळे त्यांच्याकडून येते आणि उत्पन्नाचा दशमांश चर्चकडे जातो. सरकारी मदतीशिवाय समाज स्वतःला सावरू शकतो, हा विश्वास त्या अनुभवातून येतो. हे जाळे तुटले की आजारपण, बेकारी, बाळंतपण यांत आधार कोणाचा, हा प्रश्न प्रथमच सरकारकडे पाहून विचारला जातो. काहींना मग सरकारी योजना पटू लागतात. काहींची प्रतिक्रिया नेमकी उलटी असते: वरून हुकूम देणारी एक संस्था सोडली, आता सरकारचाही हुकूम नको. दोघांचा अनुभव एकच, निष्कर्ष दोन, आणि दोन्ही प्रामाणिक.

'बदलतात ती मते सगळी एकदम बदलतात.'

कर्स्टन सिनेमा मॉर्मन घरात वाढल्या, चर्चच्याच ब्रिगम यंग विद्यापीठातून पदवीधर झाल्या आणि नंतर चर्चपासून दूर गेल्या. राजकारण सुरू केले ग्रीन पार्टीच्या वर्तुळात, सिनेटर झाल्या डेमोक्रॅट म्हणून, २०२१ मध्ये पंधरा डॉलर किमान वेतनाविरुद्ध मत दिले आणि डिसेंबर २०२२ मध्ये पक्षही सोडून अपक्ष झाल्या. सॉल्ट लेक सिटीचे माजी महापौर रॉकी अँडरसन यांचाही जन्म मॉर्मन घरातला. ते डेमोक्रॅट पक्षाच्याही डावीकडे गेले. दोघांनी एकच चर्च सोडले, यावरून दोघांच्या राजकारणाचा अंदाज बांधता आला नसता.

स्थलांतरितांच्या प्रश्नावर तर चर्च सोडताना उजवीकडून डावीकडे जायला फारसे अंतरच नसते. दोन वर्षे परदेशी मिशनवर राहून तिथली भाषा शिकलेली माणसे युटात घरोघर भेटतात. २०१० मध्ये स्थलांतरितांशी माणुसकीने वागण्याचे आवाहन करणारा 'युटा कॉम्पॅक्ट' निघाला, तेव्हा चर्चने त्याला जाहीर पाठिंबा दिला. ट्रम्प यांच्याबद्दलची नाराजीही चर्चच्या आतच होती. २०१२ मध्ये रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांना युटात सुमारे ७३ टक्के मते पडली. २०१६ मध्ये ट्रम्प तिथे जिंकले ते सुमारे ४५ टक्क्यांवर, कारण स्वतः मॉर्मन असलेल्या इव्हान मॅकमलिन या अपक्षाला २१ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली.

'चर्च सोडले की माणूस नास्तिक.'

अनेक जण होतात, सगळे नाही. चर्चचे सुरुवातीचे नेते ब्रिगम यंग यांच्या वंशातल्या सँड्रा टॅनर चर्च सोडून इव्हँजेलिकल ख्रिस्ती झाल्या आणि आयुष्यभर मॉर्मन इतिहासाची चिकित्सा करत राहिल्या. मार्को रुबिओ लहानपणी कुटुंबासोबत काही वर्षे मॉर्मन होते, मग कॅथलिक झाले. राजकारणात ते रिपब्लिकनच आहेत.

आता आकड्यांबद्दल वाचकांना एक विनंती. चर्चच्या नोंदीत नाव राहूनही वर्षानुवर्षे न फिरकणारे पुष्कळ असतात, आणि पाहणीत ते स्वतःला काय म्हणवतात यावर निकाल हलतो. म्हणून 'माजी मॉर्मन अमुक पक्षाचे' अशी बातमी पुढे आली की माजी कोणाला धरले, त्यांचे वय काय, आणि त्याच माणसांना सोडण्यापूर्वी व सोडल्यानंतर असे दोनदा विचारले होते का, एवढे पाहा. दोनदा विचारले नसेल, तर त्या बातमीवरून बदलाचे कारण ठरवू नका.