चाक चढलं, पण बसलं का?

जुन्या स्विफ्टला होंडा सिटीची वापरलेली अलॉय चाकं स्वस्तात मिळत असली, की मोह आवरत नाही. दोन्हींना चार भोकं. ती भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, म्हणजे गॅरेजवाल्यांचा ‘पीसीडी’, दोन्हीकडे १०० मिलिमीटर. चाक सहज चढतं. नंदुरबारहून प्रकाशामार्गे शहाद्यापर्यंत सपाटीला काही जाणवतही नाही. तोरणमाळ किंवा चांदसैलीच्या घाटात मात्र खरी परीक्षा होते.

पहिला घोळ मधल्या भोकाचा. स्विफ्टच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर, सिटीच्या चाकाचं भोक ५६.१. भोवती जेमतेम एक मिलिमीटर फट उरते. पण चाक केसभर जरी एका बाजूला बसलं, तरी वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग कितीही वेळा केलं तरी ती थरथर जात नाही. उपाय सोपा आहे: फट भरणारी रिंग. ती प्लॅस्टिकचीही मिळते, पण घाट उतरताना ब्रेक तापले की उष्णता हबपर्यंत पोचते आणि प्लॅस्टिक मऊ पडू शकतं. अ‍ॅल्युमिनियमची रिंग घेतलेली बरी.

दुसरा घोळ अधिक घातक, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. होंडाच्या मूळ चाकात नटाची बैठक वाटीसारखी गोल असते, सुझुकीचा नट शंकूसारखा निमुळता. गोल बैठकीत निमुळता नट नुसत्या कडेवर टेकतो. मग होंडाचेच नट लावावेत? तेही जमत नाही. होंडाच्या आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर, सुझुकीचं १.२५. नट दोन-तीन फेरे जातो, मग अडतो. तिथे पान्याला पाईप लावून जोर केला, की आटे गेलेच म्हणायचे.

बैठकीचं एवढं महत्त्व कशाला? गाडीचं वजन बोल्टवर टांगलेलं असतं असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो, ताणलेला बोल्ट चाकाला हबवर दाबून धरतो आणि त्या दाबातून येणारं घर्षण भार पेलतं. ८५ ते १०० न्यूटन-मीटर आवळणीत एकेक नट साधारण साडेतीन-चार टनांचा दाब देतो. साठ किलोचा माणूस तीस सेंटिमीटरच्या पान्यावर उभा राहिला तर आवळणी पावणेदोनशेच्या घरात जाते. बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. हबवर गंज किंवा चाकाच्या पाठीला रंगाचा जाड थर असेल तर उलट होतं: थर दबतो आणि नट सैल पडतात. म्हणून तारेचा ब्रश आधी, टॉर्क पाना नंतर, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क पाना.

फियाट पालिओवाल्यांनी तर आणखी जपावं. तिचा पीसीडी ९८. शंभरचं चाक रेटून चढवता येतं, पण बोल्ट तिरके बसतात. खरेदीला जाताना खिशात व्हर्नियर असलेला बरा.

जुन्या चाकाची तपासणी आतल्या बाजूने करायची. लोखंडी डिस्क खड्ड्यात वाकते, अलॉय तडकतं. हे बहुतेकदा सिलिकॉन मिसळलेलं ओतीव अ‍ॅल्युमिनियम असतं आणि त्याची ताकद उष्णोपचारातून आलेली असते. तडा वेल्डिंगने बुजवला की आसपासचा भाग पुन्हा नरम पडतो, वरून पॉलिश कितीही चकाचक असो. शंका असेल तर लाल रंगद्रव लावून पुसायचं आणि पांढरी पावडर फवारायची. केसासारख्या भेगेत शिरलेला रंग पावडर वर ओढून घेते आणि लाल रेघ उमटते.

टायरचं गणित त्यामानाने सोपं. १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५ यांच्या व्यासात दोनच मिलिमीटरचा फरक, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. चाक मडगार्डच्या बाहेर डोकावत असेल तर मात्र ते नाकारावं. बेअरिंगवर नको तो भार येतो.

अलॉयसाठी वेगळे नट घेतलेच, तर मूळचे चार नट डिकीत ठेवावेत. स्टेपनी अजून लोखंडी डिस्कचीच असते आणि तिला तेच लागतात.