एका प्रांताने ताट बदलले

भाज्या खाव्यात, व्यायाम करावा, तंबाखूपासून दूर राहावे, हे आपण वर्गात दर वर्षी शिकवतो. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि पेपरात बिनचूक लिहितात. पण माहीत असणे आणि तसे वागणे यांत केवढे अंतर असते, हे आपल्याला स्वतःच्या अनुभवावरूनही ठाऊक आहे. मग एखाद्या गावाच्या किंवा अख्ख्या प्रांताच्या सवयी बदलता येतात का? आणि बदलल्याच, तर त्यामुळेच आजार कमी झाला हे ठरवायचे कसे? फिनलंडमधल्या उत्तर करेलियाच्या उदाहरणावरून या दोन्ही प्रश्नांचा विचार करू या.

लाकूडतोड्यांचे कोडे

उत्तर करेलिया हा फिनलंडच्या पूर्व सीमेवरचा जंगलांचा आणि तळ्यांचा प्रांत. १९७० च्या सुमारास तिथली वस्ती सुमारे एक लाख ऐंशी हजार होती. लोक लाकूडतोड करत, थोड्या गाई पाळत. अंगमेहनत भरपूर, हवा स्वच्छ. तरीही अँसेल कीज यांनी १९५८ साली सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासात हृदयविकाराचे सर्वांत जास्त प्रमाण पूर्व फिनलंडच्या पुरुषांतच आढळले. नुसत्या कष्टाने हृदय वाचत नाही, हे यातून दिसले.

कोड्याचे उत्तर बरेचसे ताटात होते. पावावर जाड लोणी, साय न काढलेले दूध, चरबीयुक्त मांस, भरपूर मीठ. भाज्या आणि फळे अगदी थोडी. लोण्यासारख्या संपृक्त स्निग्ध पदार्थांमुळे रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते आणि ते हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत साचू लागते. मिठामुळे रक्तदाब वाढतो. तंबाखूचा धूर धमन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतो. तिथले निम्म्याहून जास्त पुरुष धूम्रपान करत होते. अरुंद झालेल्या धमनीत गुठळी अडकली की हृदयविकाराचा झटका येतो. ऐन चाळिशी-पन्नाशीतली घरातली कर्ती माणसे जाऊ लागली, तेव्हा प्रांताच्या गव्हर्नरांनी आणि लोकप्रतिनिधींनी १९७१ साली सरकारकडे अर्ज केला, ‘काहीतरी करा.’ त्यातून १९७२ मध्ये उत्तर करेलिया प्रकल्प सुरू झाला. त्याचे प्रमुख पेक्का पुस्का त्या वेळी फक्त २७ वर्षांचे होते.

सगळ्यांनाच का सांगायचे?

ज्यांना धोका जास्त आहे तेवढ्यांनाच शोधून उपचार केले तर? हे सरळ वाटते. पण एक काल्पनिक गणित करून पाहा. हजार माणसांपैकी १०० जणांना जास्त धोका आहे आणि त्यांतल्या दर शंभरातल्या दहांना झटका येतो. उरलेल्या ९०० जणांना मध्यम धोका आहे. त्यांच्यात हेच प्रमाण शंभरात तीन आहे. म्हणजे पहिल्या गटात १० झटके, तर दुसऱ्यात २७! बहुतेक रुग्ण ‘तसे बरे दिसणाऱ्या’ मोठ्या गटातूनच येतात. इंग्लंडचे जेफ्री रोझ यांनी हा मुद्दा १९८० च्या दशकात नेमकेपणाने मांडला. सगळ्यांचा धोका थोडा-थोडा कमी करणे हे मोजक्यांचा धोका पुष्कळ कमी करण्यापेक्षा जास्त जीव वाचवू शकते. त्यासाठी मात्र कार्यक्रम दवाखान्याबाहेर, समाजात न्यावा लागतो.

उपदेशाकडून स्वयंपाकघराकडे

प्रकल्पाच्या लोकांनी पत्रके वाटली, सभा घेतल्या; पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मार्था नावाच्या स्त्रियांच्या जुन्या संघटनेला त्यांनी सोबत घेतले. गावोगावी ‘दीर्घायुष्याच्या मेजवान्या’ झाल्या. बायका एकत्र जमून नेहमीचेच पदार्थ कमी लोणी आणि जास्त भाज्या घालून शिजवत, आणि सगळे मिळून जेवत. एका स्थानिक सॉसेज उत्पादकाने चरबीचा काही भाग काढून त्या जागी अळंबी घातली. गावात ज्यांचा शब्द मानला जातो अशा माणसांना प्रशिक्षण दिले गेले. पुढे १९९० च्या दशकात गावागावांत कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या स्पर्धाही झाल्या.

खरी अडचण पोटापाण्याची होती. प्रांत दुग्धव्यवसायावर जगणारा, आणि दुधाचा भाव त्यातल्या स्निग्धांशावर ठरणारा. आपल्याकडे डेअरीत ‘फॅट’ पाहून दूध घेतात, तसेच. अशा शेतकऱ्याला ‘लोणी सोडा’ म्हणणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणेच. डेअरीवाल्यांचा विरोध झाला यात नवल नाही. म्हणून १९८० च्या दशकात शेतकऱ्यांना बेरीची लागवड करायला मदत देण्यात आली. थंड हवेत तग धरणाऱ्या मोहरीवर्गीय रेपसीड या पिकाचे तेल लोण्याला पर्याय ठरले. १९७६ मध्ये देशात तंबाखूविरोधी कायदा होऊन जाहिरातींवर बंदी आली. थोडक्यात, चांगली निवड करणे सोपे, स्वस्त आणि नेहमीचे व्हावे असा प्रयत्न झाला.

आकडे काय सांगतात?

१९७२ मध्ये प्रांतातले ५२ टक्के पुरुष धूम्रपान करत. १९९७ मध्ये हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. पुरुषांच्या रक्तातले सरासरी कोलेस्टेरॉल १०० मिलिलिटरमागे सुमारे २६५ मिलिग्रॅम होते, ते २००७ पर्यंत सुमारे २०७ झाले. ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांत हृदयधमनीविकाराने होणारे मृत्यू १९६९–७१ मध्ये लाखामागे वर्षाला सुमारे ६७० होते; २००६ पर्यंत ते सुमारे १०० वर आले.

सगळेच आकडे मात्र गोड नाहीत. स्त्रियांमधले धूम्रपान याच काळात वाढले. यंत्रे आली, कामातली अंगमेहनत घटली, वजने वाढली. फावल्या वेळचा व्यायाम वाढवूनही ती तूट पुरती भरून निघाली नाही. २००७ ते २०१२ या काळात कोलेस्टेरॉल पुन्हा किंचित चढले. सवय एकदा बदलली की कायमची बदलते, असे नाही.

पण हे प्रकल्पामुळेच झाले का?

विज्ञानाच्या शिक्षकाने इथे थांबायला हवे. तुलनेसाठी शेजारचा कुओपिओ प्रांत निवडला होता. पहिल्या वर्षांत उत्तर करेलियातले मृत्यू अधिक वेगाने घटले. पण पुढे कुओपिओतही घटले, साऱ्या फिनलंडमध्येही घटले. अमेरिकेत तर ही घट १९६० च्या दशकाच्या अखेरीसच सुरू झाली होती. शिवाय पहिल्या पाच वर्षांनंतर प्रकल्पाचे काम देशभर पसरले, दूरदर्शनवर धूम्रपान सोडण्याचे कार्यक्रम झाले. तुलनेचा प्रदेश असा कोराच राहिला नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेऊ. माणसे लाखो असली, तरी तुलना फक्त दोन प्रांतांची होती.

ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिका-कॅनडात १९८८ ते १९९३ या काळात एक प्रयोग झाला. सारख्या वस्त्यांच्या ११ जोड्या घेतल्या आणि प्रत्येक जोडीतली कोणती वस्ती कार्यक्रमात घ्यायची हे यदृच्छेने ठरवले. फार ओढणाऱ्यांत काहीच फरक पडला नाही. कमी-मध्यम ओढणाऱ्यांत कार्यक्रमाच्या वस्त्यांत ३०.६ टक्क्यांनी सोडले, तर इतरत्र २७.५ टक्क्यांनी. फरक लहान, पण खरा. म्हणून उत्तर करेलियातल्या साऱ्या घटीचे श्रेय एकट्या प्रकल्पाला देता येणार नाही. घटीचा मोठा भाग कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान कमी झाल्यामुळे होता, हे मात्र अभ्यासांतून दिसते.

शाळेचा वाटा

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग १९७८ मध्ये तिथल्या शाळांत सुरू झाला. सातवीच्या मुलांना फुप्फुसाच्या आजारांची भीती घातली नाही. मित्राने सिगरेट पुढे केली तर काय म्हणायचे, जाहिरात आपल्याला कशी भुलवते, याचा सराव त्यांनी करून पाहिला. आणि त्यात पुढाकार वर्गातल्याच मुलांचा होता. सुरुवातीला धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये याचा परिणाम ती मुले २८ वर्षांची होईपर्यंत मोजता आला.

तेव्हा पुढच्या वेळी हा धडा घेताना ‘तंबाखूचे दुष्परिणाम लिहा’ याऐवजी मुलांना दोन प्रश्न देऊन पाहा : ‘मित्राला नाही कसे म्हणाल?’ आणि ‘आपल्या गावात चांगले खाणे कशामुळे अवघड होते?’ दुसऱ्याचे उत्तर शोधताना मुले दुकानापर्यंत, शेतापर्यंत आणि घरच्या चुलीपर्यंत जातील. उत्तर करेलियाच्या लोकांनाही तिथवर जावे लागले होते.