फुटपाथवरच्या कुंडीत काय लावावं?

शहरातली हिरवाई : भाग ६

कुंडीची जागा आणि आकार मागच्या आठवड्यात ठरला. आता झाड. घरच्या बाल्कनीत ऊन, पाणी, माती एवढं बघितलं की भागतं. फुटपाथवर त्याआधी विचारावं लागतं, हे झाड कुणाला हवंसं वाटेल?

जास्वंद लावली की पहाटे फिरायला येणारी मंडळी पिशवीभर फुलं नेतात. कळ्याही सुटत नाहीत, कारण कळी घरी नेली तरी उमलते. तुळस पूजेला, गवती चहा सर्दीला, कोरफड केसांना. अडेनियमचा फुगीर बुंधा सुरेख आणि नर्सरीत महागही, त्यामुळे ते मुळासकट जातं. उरलेल्या कोवळ्या पानांत मोकाट गुरं तोंड घालतात. रस्त्यावरचं ते सगळ्यांचं, ही समजूत जुनी आहे. तिच्याशी रोज भांडत बसण्यापेक्षा झाडच विचार करून निवडावं.

माझी पहिली पसंती बोगनवेलीला. तिला काटे आहेत, देवाला ती सहसा वाहत नाहीत आणि पाण्याची थोडी ओढ बसली की ती उलट जास्त बहरते. आपण फुलं म्हणतो ती खरं तर रंगीत पानं. त्यांच्या मधोमध जी बारीक पांढरट नळी दिसते ते तिचं फूल. मात्र तिला दीड-दोन फूट खोल कुंडी लागते. शिवाय फांद्या वेळच्या वेळी छाटल्या नाहीत तर काटे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांशी येतात.

कुंडी उथळ असेल तर मादागास्करचा काटेरी युफोर्बिया लावा. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार आग होते, म्हणून तो मध्यभागी हवा, आणि हात लावायचा तो मोजे घालूनच. सावलीत स्नेक प्लांट. त्याच्या पानांवरची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे उन्हाच्या वेळी पाणी उडून जात नाही. पाणी साचलं तर मात्र तो कुजतो. कडेला रिओ आणि सदाफुली. सदाफुलीला गुरं सहसा तोंड लावत नाहीत आणि दोन-चार रोपं गेली तरी पडलेल्या बियांतून ती पुन्हा उगवते.

कण्हेरीबद्दल वाचक हमखास विचारतात. दुभाजकांवर ती दिसते, कारण जनावरं ती खात नाहीत. पण तिचं मूळ, पान, फूल सगळंच विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीची बीही तशीच. जिथे मुलांची ये-जा आहे तिथे ती लावूच नये, यावर माझं मत ठाम आहे.

लावताना तळाच्या भोकावर कौलाचा तुकडा ठेवा. माती भरत आली की वरून दोन इंच खाली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरा, तिच्यात भोकं पाडून रोपं लावा आणि वर माती पसरा. मुळं जाळीत गुंतली की रोप एका हिसक्यात निघत नाही. रोपं दाट लावा. माती उघडी दिसली की तिथे चहाचे कप पडतात आणि पिचकाऱ्या बसतात.

मोठी, फुललेली रोपं विकत आणू नका. बोगनवेल आणि युफोर्बिया फांदीपासून येतात, स्नेक प्लांट गड्डा फोडून. पहिल्या पावसानंतर ओळखीच्यांकडून मागून आणा आणि लगेच लावा; युफोर्बियाची फांदी मात्र कापलेली जागा सुकल्यावरच.

(पुढच्या आठवड्यात : कुंडीला पाणी कोण घालणार?)